फियाटचं काय करू?

प्रिय केतू,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. तू तिकडे स्टुटगार्टला बसून "विकू नको, वेडी आहेस का" म्हणून ओरडतेस आणि मी इथे पुण्यात दहा बाय दहाच्या रूमवर, माझी सायकलसुद्धा जिन्याखाली ठेवायला घरमालक कुरकुर करतो. म्हटलं सगळं नीट लिहूनच काढावं.

आजोबांच्या फियाटची आत्ताची अवस्था तुला माहीत नाही. आरसीवर प्रीमियर पद्मिनी लिहिलंय, १९८२ चं मॉडेल, पण आपल्या गल्लीत तिला पद्मिनी कोणी म्हटलेलं आठवतंय का तुला? गाडी बुक करून नंबर लागेपर्यंत आजोबा काही वर्षं वाट बघत बसले होते, आणि ती दारात आली तर पुढच्याच वर्षी डिसेंबरात मारुती ८०० निघाली. आजी शेवटपर्यंत चिडवायची, "वर्षभर दम काढला असता तर!"

गेल्या महिन्यात सांगलीला गेले तेव्हा ताडपत्री काढली. २०१९ च्या पुरात सीटपर्यंत पाणी होतं ना, तेव्हा आजोबांनी इंजिन खोलून, सीट उन्हात वाळवून गाडी चालू केलेली, पण पत्र्याने ते पाणी धरून ठेवलंच. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर खाली चक्क फरशी दिसली, रुपयाएवढ्या भोकातून. बोट घातलं तर कडेचा पत्रा बिस्किटासारखा तुटला. मी मॅट परत टाकलं आणि आईला काही बोलले नाही.

पण गंमत सांगू, नवीन बॅटरी लावली, चोक पूर्ण ओढला, चौथ्या सेल्फला लागली! १०८९ सीसीचं इंजिन, काय तो आवाज. स्टिअरिंगलाच असलेल्या गिअरच्या दांड्याने पहिला टाकून अंगणातल्या अंगणात पुढे-मागे केली आणि मला एकदम खंबाटकी घाट आठवला, मे महिना, गाडी बंद, आजोबा बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवतायत आणि तू मागे विचारतेस की गाडीला ताप आलाय का.

आता पैशाचं. २० वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन वाढवायची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, ती ५ वर्षांसाठी. वर पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी. टिंकरिंग आणि पेंटिंगवाल्याने ८० हजार सांगितले, "खोलल्यावर कळंल" असं वर. शिवाय पार्ट. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर फियाटचा पार्ट कुठेही मिळायचा, पण शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, आता कोण कशाला माल ठेवेल? आणि हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबरी पाइपांना सोसत नाही, म्हणजे तेही बदला. माझी मेस ३,२०० रुपये आहे गं महिन्याला.

तू म्हणालीस तुमच्याकडे गाडी ३० वर्षांची झाली की एच अक्षराची पाटी मिळते, टॅक्स ठराविक, आणि रोज चालवली तरी चालते. आपल्याकडे व्हिंटेज म्हणायला ५० वर्षं लागतात. म्हणजे २०३२. आणि व्हिंटेज म्हणून नोंदवली की रोज चालवायची नाहीच, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच बाहेर काढायची. म्हणजे ६ वर्षं सांभाळा, पत्रा सडू नये म्हणून पैसे ओता, आणि मग शोभेला ठेवा!

शोभेला तर आत्ताच गिऱ्हाईक आहे. हायवेवर एक हॉटेलवाला १ लाख ६० हजार देतोय, इंजिन काढून गाडी दारात उभी करणार, बॉनेटमध्ये झाडं लावणार म्हणे. बाबा म्हणतात घे, तुझी एका वर्षाची फी सुटते. दुसरा तो माधवनगर रोडचा लेथवाला काका, आजोबांच्या गाडीच्या पुढच्या चाकांचे किंगपिन बुश करून द्यायचा तो. त्याची ऐपत ९५ हजारांची, पण तो गाडीखाली झोपून अर्धा तास बघत होता, बाहेर आला आणि म्हणाला, "तळाचा पत्रा मीच मारतो. दिवाळीला आयर्विन पुलावरनं नेऊन दाखवतो."

तर केतू, मी त्याला देतेय. ६५ हजार कमी. बाबा दोन दिवस बोलले नाहीत, आई म्हणाली आजोबांनीही हेच केलं असतं (पण आईचं सोड, ती तर अजून रडते). मी ती ठेवून घेणं म्हणजे ताडपत्रीखाली ठेवणं, दुसरं काय. वर्षातून दोनदा सांगलीला येणार, फोटो काढणार, स्टेटसला टाकणार, आणि भोक मोठं होत जाणार.

एक घोळ आहेच, आरसी अजून आजोबांच्या नावावर. आधी मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, बाबांची आणि आत्याची संमती, मग गाडी माझ्या नावावर, मग काकाच्या. म्हणजे महिना-दीड महिना कायद्याने मालकीण मी! रविवारी सांगलीला चाललेय, कागदं घेऊन.

आणि हो, डॅशबोर्डच्या खणात तुझी लाल क्लिप सापडली, एक दात तुटलेली. पाठवू, का तिथेच राहू दे?

तुझी,
मनू

ता. क. काकाला विचारलं, केतकी आली की तिला चालवायला देशील का. म्हणाला, "तिला स्टिअरिंगचा गिअर जमतो का?" काय सांगू?