तक्रार पत्र: बाहेरच्या तापमानाचा सेन्सर सुटा न मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: स्पोर्ट्स कारच्या तापमान सेन्सरचे चुकीचे निदान व सुटा भाग देण्यास नकार.

महोदय,

मी आपल्या कंपनीच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचा पहिला मालक असून आजवरची प्रत्येक सर्व्हिसिंग मी आपल्या अधिकृत सेवा केंद्रातच करून घेतलेली आहे. ही गाडी मला मनापासून आवडते आणि म्हणूनच, एका क्षुल्लक भागासाठी मला जो मनस्ताप झाला तो आपल्यापर्यंत पोहोचवणे मला आवश्यक वाटते.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान उणे ४० अंश दिसू लागले. नुसता आकडा चुकला असता तर मी गप्प बसलो असतो. परंतु हीच नोंद एसीच्या कंट्रोल युनिटकडेही जात असल्यामुळे, बाहेर कडाक्याची थंडी आहे असे धरून त्याने कॉम्प्रेसर चालू करणेच थांबवले, आणि गाडी सुरू करताच रस्त्यावर बर्फ असल्याचा इशारा वाजू लागला.

सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने माझ्यासमोर सेटिंगमध्ये जाऊन सेल्सिअसचे फॅरनहाइट केले. आकडा उणे ४० च राहिला, तेव्हा डिस्प्ले अडकला आहे असे सांगून त्याने संपूर्ण मीटर कन्सोल बदलण्याचे अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवले. उणे ४० हा आकडा दोन्ही मापांत एकच असतो, ही शाळेत शिकवली जाणारी गोष्ट अधिकृत केंद्रात कोणाच्याच लक्षात येऊ नये, याचे मला खरोखर वाईट वाटले. डिस्प्ले व्यवस्थित होता. सेन्सरचा जोड तुटला की कंट्रोल युनिटला अमर्याद रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) दिसतो आणि ते मापनपट्टीच्या तळाचा आकडा दाखवते, इतकाच त्याचा अर्थ होता. मी हे निदर्शनास आणून दिल्यावर दुसरे अंदाजपत्रक आले, ते पुढच्या बंपरच्या संपूर्ण वायरिंग हार्नेसचे, म्हणजे एकत्र बांधलेल्या सगळ्या तारांच्या जुडग्याचे, कारण सेन्सर सुटा मिळत नाही असे मला सांगण्यात आले. या दोन्ही भेटींत सेन्सरचा कनेक्टर काढून त्याला मल्टिमीटर (रोध मोजण्याचे उपकरण) लावण्याचे कष्ट कोणीही घेतले नाहीत, तपासणी शुल्क मात्र दोन्ही वेळा आकारले गेले.

अखेर मी बंपरखालचे प्लॅस्टिक कव्हर उघडून स्वतःच पाहिले. जाळीच्या मागे, थेट पाण्याच्या फवाऱ्यात लटकणाऱ्या त्या सेन्सरमध्ये, जिथे वायर प्लॅस्टिकमध्ये शिरते तिथून पाणी आत गेले होते आणि एका वायरचे तांबे हिरव्या भुकटीसारखे होऊन बोटाच्या स्पर्शाने गळून पडले. आत होता तो मसुराच्या दाण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो असा दोन तारांचा साधा घटक. त्याचे मूल्य आपल्या माहितीपत्रकात कुठेही दिलेले नसल्याने, इंजिन पूर्ण थंड असताना मी कनेक्टरला निरनिराळे रेझिस्टर (ठरावीक रोधाचे घटक) जोडून डिस्प्लेवरचे आकडे टिपत गेलो. १० किलोओहमला २५ अंश दिसले, तेव्हा कोणता थर्मिस्टर हवा हे समजले. तो सोल्डर करून, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी) नळी चढवून आणि एपॉक्सीने तोंड बंद करून मी तो बर्फ घातलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. थोड्याच वेळात डिस्प्लेवर शून्य अंश आले आणि त्या क्षणी झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. पेल्यातून बाहेर काढल्यावर आकडा सावकाश चढला, पण तो दोष नव्हे: उभ्या गाडीत इंजिनाची धग सेन्सरला फसवू नये म्हणून तशी रचना केलेली असते, हे मला मान्य आहे आणि त्यामागचा विचार चांगलाच आहे.

या दुरुस्तीला लागलेला खर्च आपल्या हार्नेसच्या अंदाजपत्रकाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही. इतका विचारपूर्वक केलेला अभियांत्रिकीचा भाग, एक दाणा बिघडला म्हणून संपूर्ण हार्नेससह फेकून द्यायला लावणे हे ग्राहकावर तर अन्यायकारक आहेच, शिवाय ज्यांनी तो भाग घडवला त्यांच्या मेहनतीलाही शोभणारे नाही.

माझी मागणी अशी आहे की, चुकीच्या निदानापोटी घेतलेले दोन्ही वेळचे तपासणी शुल्क मला परत करावे आणि हा सेन्सर त्याच्या कनेक्टरसह सुटा भाग म्हणून उपलब्ध करून द्यावा. तापमानानुसार रोधाचा तक्ताही सेवा केंद्रांना पुरवावा, म्हणजे बिघाड दोन मिनिटांत मल्टिमीटरने ओळखता येईल. तसेच मी केलेल्या या दुरुस्तीचे कारण पुढे करून गाडीच्या इतर भागांची वॉरंटी नाकारली जाणार नाही, असे लेखी कळवावे. वॉरंटीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सेवा केंद्रातील सल्लागाराने तशी शक्यता तोंडी बोलून दाखवली होती.

कृपया १५ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे. जुना सेन्सर मी जपून ठेवला असून आपल्या अभियंत्यांना तो पाहायचा असल्यास पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक

सोबत: दोन्ही अंदाजपत्रकांच्या व तपासणी शुल्काच्या पावत्यांच्या प्रती, गंजलेल्या वायरची छायाचित्रे, रेझिस्टर जोडून घेतलेल्या नोंदींचा कागद.