गुळाच्या संकेतस्थळावर काय लिहावे, याविषयी

कोल्हापूर,
५ ऑक्टोबर २०२५

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठविलेला आपल्या गुऱ्हाळाच्या संकेतस्थळाचा मसुदा आणि त्या जाहिरातवाल्या मंडळींचे दरपत्रक मी दोनदा शांतपणे वाचले. आप्पांनाही वाचून दाखविले, ते "रव्याचा (ढेपेचा) कोपरा फोडून बघितल्याशिवाय गूळ कोण घेतो?" एवढेच म्हणाले आणि चुलवाणाची, म्हणजे रस उकळायच्या भट्टीची, डागडुजी बघायला निघून गेले. दिवाळी पाडव्याला बाजारात गुळाचे सौदे (लिलाव) निघण्याच्या आत तुला संकेतस्थळावरून विक्री सुरू करायची आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

आधी त्या पहिल्याच चित्राविषयी. त्यात बैल उसाचा रस काढणारा चरक ओढताना दिसतात आणि मागे नारळाची झाडे आहेत. आपला चरक विजेच्या मोटारीवर चालतो, बैलांचा चरक तुझ्या आजोबांबरोबर गेला आणि आपल्या शिवारात नारळाचे एकही झाड नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले एखादे कुटुंब नकाशावर आपला पत्ता बघून गुऱ्हाळावर आले, तर मोटारीचा आवाज ऐकून त्यांना काय वाटेल? त्यानंतर आपण वजन खरे सांगितले तरी ते काट्याकडे संशयानेच बघतील.

आता मुख्य मुद्दा. मसुद्यात तू "१०० टक्के केमिकल फ्री, सेंद्रिय गूळ" असे लिहिले आहेस. यातला एकही शब्द आपल्याला लावता येत नाही. उसाला आपण युरिया घालतो आणि हंगामात शेजाऱ्यांचाही ऊस गाळतो, तेव्हा सेंद्रिय म्हणण्याचा प्रश्नच मिटला. ते म्हणायचे तर त्याचे प्रमाणीकरण वेगळे असते. रस निवळण्यासाठी भेंडीच्या पाण्याबरोबर आपण चुन्याची निवळी घालतो, आणि चुना हेही रसायनच आहे. राहता राहिला १०० टक्क्यांचा आकडा. तो खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत वापरू नये, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने याच वर्षी मे महिन्यात कळविले आहे, कारण कायद्यात त्याला काही व्याख्याच नाही आणि वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज होतो.

मग लिहायचे काय? जे खरोखर करतो ते लिही. आपण हायड्रॉस, म्हणजे रंग फिकट करणारे रसायन, घालत नाही, ही आपली खरी बाजू आहे आणि ती तुझ्या मसुद्यात कुठेच नाही, याचे मला नवल वाटले. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ बघायची सवय लागली आहे. आपला तपकिरी रवा बघून शहरातला माणूस त्याला जुना किंवा करपलेला समजतो. म्हणून तुझा पहिला लेख रंगावरच असू दे. काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळू लागला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकावी लागते. रस जसजसा आटतो तसतसा त्याचा रंग गडद होत जातो आणि साधारण ११८ अंशांच्या आसपास गुळव्या (गूळ करणारा कारागीर) पाक बोटांत घेऊन, पाण्यात टाकून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. जमीन, पाणी, उसाची जात, तोडीला झालेला उशीर, या सगळ्यांचा रंगावर परिणाम होतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घातले की हाच रंग झटकन फिकट होतो, पण गूळ साठवणुकीत पुन्हा काळवंडतो आणि गंधकाचा अंश त्यात राहतो. म्हणूनच गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला दहा लाख भागांत ७० भाग अशी मर्यादा घातलेली आहे. हे सगळे तुला लहानपणापासून माहीत आहे, पण वाचणाऱ्याला माहीत नाही, आणि जे आपल्याला रोजचे वाटते तेच त्याला हवे असते.

एक अवघड गोष्टही लिही. आपण स्वतः काही वर्षांपूर्वीपर्यंत हायड्रॉस वापरीत होतो. सौद्यात पिवळ्या गुळाला क्विंटलमागे जास्त भाव मिळतो आणि घर चालवायचे होते, एवढेच त्याचे कारण. आप्पांना हे छापलेले आवडणार नाही, त्यांची समजूत मी घालीन. पण ही कबुली वाचून ज्याचा विश्वास बसेल, तो माणूस दर हंगामाला गूळ मागवील, असे मला वाटते. निदान मी तरी अशाच दुकानातून मागविले असते.

"मधुमेहींसाठी उत्तम" ही ओळ आजच काढून टाक. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि तो खाल्ल्यावर रक्तातली साखर वाढते. खनिजे थोडी असतात, हे खरे. पण तेवढ्यावर औषधाचा दावा उभा राहत नाही, आणि आजार बरा होतो असे खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत म्हणणे कायद्यानेही चालत नाही. तुझ्या मावशीने अशाच एका जाहिरातीवर विसंबून दोन महिने चहात गूळ घातला होता, त्यानंतर तिची गोळी वाढली. तेवढे लक्षात ठेव.

दरपत्रकातले "पंचतारांकित १०० अभिप्राय" वाचून मला आधी हसू आले आणि मग राग आला. जे गिऱ्हाईक नाही त्याच्या नावाने लिहिलेला अभिप्राय आणि काट्याखाली चिकटविलेले वजन, यांत मला फरक दिसत नाही. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले अख्खे गुऱ्हाळ विकून एवढे पैसे येणार नाहीत. त्यांनी सुचविलेले उलटे पळणारे घड्याळ आणि "फक्त ७ रवे शिल्लक" ही पाटीसुद्धा खोटी घाई आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढली, तिच्यात पहिलीच ही. रवे खरोखर सात उरले असतील तेव्हा सात लिही, त्याला कोणाचीच हरकत नाही.

अभिप्राय हवेत तर मागावेत. खोक्यात एक चिठ्ठी घाल: गूळ कसा लागला ते बरे-वाईट जे असेल ते लिहावे. त्याबदल्यात सवलत देऊ नकोस, गूगललाही ते चालत नाही. रील करणाऱ्या ज्या ताईंना तू फुकट खोके पाठविणार आहेस, त्यांना "हा गूळ भेट म्हणून मिळाला" असे स्पष्ट म्हणायला सांग. तसा नियमच आहे, आणि त्या तयार नसतील तर खोके पाठवू नकोस.

जुलैतल्या त्या तक्रारीबद्दल तू विचारलेस, ती पुसता येईल का म्हणून. पुसू नकोस. पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढतो आणि पाघळतो; आपण साध्या पुठ्ठ्यात तो नाशिकला पाठविला, ही चूक आपली होती. तिथेच खाली लिही की पैसे परत केले, आता आतून जाड प्लास्टिक लावतो आणि जून ते सप्टेंबर एक किलोपेक्षा मोठा रवा पाठवीत नाही. दुसरी तक्रार, वजन ४० ग्रॅम कमी भरल्याची, मला पटली नाही. पण वाद न घालता काट्याच्या पडताळणीचा दाखला दाखव.

महिन्याला ३० लेख ही तर वेडगळ कल्पना आहे. त्यांनी नमुन्याला पाठविलेल्या लेखात "अस्सल कोल्हापुरी गूळ ऑनलाइन" हे शब्द मी मोजले, १९ वेळा आले, आणि चुलवाण, चिपाड, काकवी यांपैकी एकही शब्द एकदासुद्धा आला नाही. ज्याने गुऱ्हाळाची वाफ अंगावर घेतली नाही त्याचे ते लिखाण आहे. हंगामात चार लेख पुरेत: रंगाचा एक, पावसाळ्यात गूळ कसा ठेवावा याचा एक, पुरणाला कोणता आणि चिक्कीला कोणता याचा एक, आणि काकवीत तळाला साखर का धरते याचा एक. शेवटचा मी लिहिते, कारण गिऱ्हाइके फोनवर मलाच हे विचारतात.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरचा गूळ आपल्या नावाने विकला जातो म्हणून आप्पा बाजार समितीच्या कट्ट्यावर किती तावातावाने बोलतात, ते तू ऐकले आहेस. म्हणून मानांकनाचे बोधचिन्ह आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद होईपर्यंत खोक्यावर छापू नकोस. नोंदणीचा अर्ज मी भरायला घेतला आहे, सातबारा आणि तुझ्या आधारची प्रत तेवढी लागेल.

शनिवारी येशील तेव्हा कॅमेरा आण. गुळव्यांना मी विचारले आहे. फोटोला त्यांची ना नाही, फक्त काहील उतरवताना मध्ये येऊ नकोस असे ते म्हणाले. मोटार दिसेल असाच एक फोटो काढ.

तुझी,
आई