सोल्डरिंग हात बसल्याशिवाय येत नाही

संपादक साहेब, माझी मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक करतेय, दहावीनंतरचा 2 वर्षांचा ट्रेड. नातेवाईक अजून विचारतात 'पोरगी टीव्ही रिपेअर करणार का', जाऊदे. तक्रार वेगळीय. रेझिस्टरवर (करंटला अडवणारा छोटा भाग) तपकिरी-काळा-लाल-सोनेरी पट्टे म्हणजे 1 किलोओहम, टॉलरन्स (किती कमी-जास्त चालतं ते) 5 टक्के, हे ती झोपेतही सांगेल, पण वर्गात चालू ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) एकच, नंबर लागेपर्यंत तास संपतो, मग घरी जुन्या चार्जरच्या बोर्डावर सोल्डरिंग (धातू वितळवून भाग जोडणं) करत बसते, तेही किचनच्या ओट्यावर, आणि टाका मळकट, दाणेदार दिसला की परत काढते, 'ड्राय जॉइंट आहे बाबा, हलला की करंट तुटणार'. रबाळे-महापेची एमआयडीसी इथे शेजारीच, तिथल्या कंपन्यांनी जुने मीटर, स्कोप भंगारात द्यायच्या आधी आयटीआयला एकदा विचारावं की.

— एक पालक, कोपरखैरणे