घर घेण्याआधीच्या तपासणीबद्दल

प्रिय दादा आणि वहिनी,

सा. न.

घर पसंत पडलंय हे कळलं, आनंद झाला. पण करारावर सही करण्याआधी तपासणी करून घ्याच. तपासणारा इंजिनिअर तुम्ही शोधा, एजंटने सुचवलेला नको. एजंटला व्यवहार पुरा व्हायची घाई असते. आणि तपासणीत मोठा दोष निघाला तर इसारा परत मिळेल, ही अट इसाऱ्याच्या कागदावर आधी लिहून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ पाण्यावर घालवा. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा. छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला की तिथे ओल मोजायचं मीटर लावायला सांगा. घरमालकाची परवानगी घेऊन बाथरूमची जाळी बंद करा, दीड-दोन इंच पाणी साठवा आणि 24 तासांनी खालच्या मजल्याचं छत बघा. बोळा काढल्यावर पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात थांबलं, तर फरशीचा उतार चुकलाय.

भिंतीवरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका, गिलावा वाळताना त्या पडतातच. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेग मात्र पाया खचल्याची असू शकते. बीमच्या खालून सळईला धरून लांबट भेग गेली असेल तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट फुटतं. नुसतं लिंपून ते थांबत नाही. अशा ठिकाणी काँक्रीटचा टवका काढून ताज्या भागावर फेनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून काँक्रीटची स्थिती दाखवणारं रसायन) फवारायला सांगा. गुलाबी झालं तर तिथलं काँक्रीट सळईला अजून जपतंय. रंग न चढलेला थर सळईपर्यंत पोचला असेल तर ते संरक्षण संपलं.

विजेचं थोडक्यात: आरसीसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून भागत नाही. 30 मिलिअँपिअर गळतीला तो 300 मिलिसेकंदांच्या आत पडतो का, हे यंत्राने मोजावं लागतं. अर्थिंगही तसंच. दार-खिडक्यांच्या लाकडी चौकटींवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्या.

तपासणी चालू असताना दोघांपैकी एकाने तिथे हजर राहा. अहवालात 'ओल आढळली' एवढंच येतं, ती कुठून येते हे तिथेच विचारावं लागतं.

आपलं जुनं घर विकायच्या आधी त्याचीही तपासणी करून दुरुस्तीची बिलं जपून ठेवा. दोष घेणाऱ्याने शोधून काढला की तो दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे कापून मागतो.

अहवाल आला की फोटोंसकट पाठवा.

तुमचा,
धाकटा