लिव्हर गेलं म्हणजे दारूच, हे आता थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला लिव्हर सिरॉसिसवरचा लेख मी दोनदा वाचला, कारण माझा मोठा भाऊ याच आजाराने गेला. लेखात कारण दिलं होतं दारू, खाली लक्षणं, कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, आणि लेख संपला. माझ्या दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण लोकांनी हेच वाचलेलं असतं, त्यामुळे बघायला आलेली माणसं बाहेर जाऊन वहिनीला हळूच विचारायची की कधीपासून घेत होते, आणि ती प्रत्येकाला शपथेवर सांगत बसायची.

दारूने लिव्हर खराब होत नाही असं मी म्हणत नाहीये, होतंच. पण हिपॅटायटिस बी आणि सी ने पण होतं, शरीरात लोह किंवा तांबं साठत गेलं तरी होतं, स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटली तरी होतं, आणि डायबिटीस, वाढलेलं वजन यांच्यासोबत येणाऱ्या फॅटी लिव्हरमधून तर कितीतरी लोकांना होतं. दादाचं तेच झालं. त्याच्या 9 वर्षं आधी दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली होती, त्यात लिहिलं होतं फॅटी लिव्हर ग्रेड 2. आजकाल सगळ्यांनाच असतं म्हणून आम्ही ती फाइल कपाटात टाकली.

मला राग याचा आहे की कारण आणि लक्षणं यांच्या मधलं कोणी लिहीतच नाही. आत नक्की काय होतं ते कळलं असतं तर आम्ही ती फाइल अशी टाकली नसती. आधी लिव्हरच्या पेशींमधे चरबीचे थेंब साठतात, बऱ्याच जणांचं तिथेच थांबतं, पण काहींच्या पेशी फुगतात, मरायला लागतात, सूज येते. लिव्हरमधे स्टेलेट नावाच्या पेशी असतात, एरवी त्या शांतपणे व्हिटॅमिन ए साठवून ठेवतात, पण ही सूज वर्षानुवर्षं राहिली की त्या कोलॅजेन बनवायला लागतात, म्हणजे जखम भरल्यावर जसा व्रण राहतो तसे आत व्रणाचे धागे तयार होतात. मग हे धागे एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्यामधे अडकलेल्या पेशी परत वाढायचा प्रयत्न करतात, त्याच्या गाठी गाठी होतात. मऊ लिव्हर कडक होतं. हाच सिरॉसिस. हे नाव 1819 मधे लेनेक या फ्रेंच डॉक्टरने दिलं, स्टेथोस्कोप शोधणारा तोच, आणि त्याने ते गाठींच्या पिवळसर तपकिरी रंगावरून दिलंय, त्यात दारूचा काही संबंध नाही.

आता लक्षणं बघा, एकेक उलगडतं. लिव्हरला येणारं जवळपास पाऊण रक्त आतड्याकडून पोर्टल व्हेनमधून येतं, लिव्हर कडक झालं की ते तुंबतं. प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्या फुटल्या की रक्ताची उलटी. वाढलेला दाब आणि कमी झालेलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात पाणी धरून ठेवणारं लिव्हरचं प्रथिन, मिळून पोटात पाणी. आतड्यातला अमोनिया साफ होत नाही, तो मेंदूपर्यंत जातो, माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. दादाची सही बदलली होती, बँकेने चेक परत पाठवला, आम्हाला वाटलं टेन्शन असेल. त्याच्याही आधी प्लेटलेट कमी आल्या होत्या, ते आम्ही तापावर ढकललं. कावीळ सगळ्यात शेवटी दिसली. बरंचसं लिव्हर निकामी झालं तरी उरलेलं काम ओढत राहतं म्हणून हा आजार इतका गप्प असतो, आणि म्हणूनच फक्त लक्षणांची यादी छापून लोक वेळेवर जागे होणार नाहीत.

आणि सोनोग्राफीतला तो ग्रेड चरबीचा असतो हो, व्रणाचा नाही! व्रण किती झालाय ते बघायला फायब्रोस्कॅन ही लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी आहे, त्याच्याही आधी वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट या चार आकड्यांवरून फिब-4 नावाचा हिशोब करता येतो. सुरुवातीचा व्रण मागे फिरू शकतो, वजन 7 ते 10 टक्के उतरवलं तर पुष्कळांची सूज कमी होते. हिपॅटायटिस सी तर 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण जातो.

2023 मधे डॉक्टरांच्या जागतिक संघटनांनी नॉन अल्कोहोलिक फॅटी लिव्हर हे नावच बदललं, पेशंटला लाज वाटायला नको हेही त्यामागचं एक कारण होतं. आपण मात्र लेखासोबत अजून बाटलीचा फोटो टाकतो. जो खरंच पितो तोही त्या फोटोमुळे तपासणी लपवतो, आणि जो पीत नाही तो पान उलटतो. पुढच्या वेळी कृपा करून त्या जागी तीन लिव्हरची चित्रं शेजारी शेजारी छापा, निरोगी, चरबी साठलेलं आणि गाठाळलेलं, आणि मधल्या चित्राखाली लिहा की इथून परत फिरता येतं.

आपली,
एक जुनी वाचक