चाळीस चित्रांतले एक

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू प्रोग्रॅम लिहून संगणकाकडून काढून घेतलेली आणि रविवारी पाठवलेली चाळीसही चित्रे मी मोठी करून पाहिली आणि यांतले चांगले कोणते, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मुद्दामच लगेच दिले नाही. खरे सांगायचे तर ती मला चाळीस वाटलीच नाहीत, एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहतो आहे असे वाटले. रेषांची संख्या, जाडी, कोन, रंग, सारेच तू यदृच्छेवर, म्हणजे संगणक देईल त्या कोणत्याही संख्येवर, सोपवलेस, आणि सगळेच मोकाट सुटले की वेगळेपण उरत नाही.

गेओर्ग नेस या जर्मन गणितज्ञाचे 1968 च्या सुमाराचे ‘शॉटर’, म्हणजे खडी, हे चित्र सावकाश पाहा. एका ओळीत 12 चौकोन, अशा 22 ओळी. वरचे चौकोन शाळेच्या प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे शिस्तीत आहेत, पण खाली उतरावे तसतसे ते थोडे वळतात, जागा सोडतात आणि तळाशी पार ढासळतात. प्रत्येक चौकोन किती हलेल हे यादृच्छिक संख्या ठरवते, मात्र तिला किती मोकळीक द्यायची हे ओळीगणिक नेसने ठरवले आहे आणि चित्र त्या ठरवण्यात आहे.

व्हेरा मोल्नार ही चित्रकार तर संगणक हाती येण्यापूर्वी, 1959 पासून, स्वतःच नियम आखून ते हाताने कागदावर पायरीपायरीने पाळत असे आणि त्या पद्धतीला ‘काल्पनिक यंत्र’ म्हणत असे. 1968 मध्ये पॅरिसला तिला खरे यंत्र मिळाले, तरी एका वेळी एखादीच गोष्ट किंचित बदलून पाहण्याची सवय तिने सोडली नाही. एक टक्का अव्यवस्था तिला पुरत असे. (तुझी आई ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके न हलवता फक्त जोडणी बदलते, तेव्हा याहून वेगळे काय करते, हे मी तिला विचारले, ती म्हणाली, “फरशी पुसून द्या आधी.”)

सतराव्या चित्रात तू साध्या यादृच्छिक संख्या (रँडम) सोडून पर्लिन नॉइज ही संख्या काढण्याची रीत वापरली आहेस, हे माझ्याही लक्षात आले. तिथे शेजारशेजारच्या संख्या एकमेकींच्या जवळच्या असतात, म्हणून रेषा थरथरत नाहीत, पाण्याच्या ओघासारख्या वळतात. तेच चित्र ठेव. त्यातले रंग दोनच कर, जाडी कायम ठेव आणि केवळ कोन बदलत अशी दहा चित्रे काढ. सीडची संख्या, म्हणजे यादृच्छिक संख्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा, मात्र प्रत्येक चित्रामागे लिहून ठेवत जा, कारण ती हरवली तर तेच चित्र तुला पुन्हा काढता येणार नाही, आणि सतराव्याची संख्या तू टिपून ठेवली नसशील अशी मला दाट शंका आहे.

तुझा,
बाबा