बोरघाटातल्या रेल्वे आणि कारखान्यांच्या खुणांसाठी पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री साहेब,
नमस्कार.

किल्ले, लेणी, देवळं यांचे तपकिरी बोर्ड हायवेला दिसतात, चांगलंच आहे. पण कर्जत-खोपोली-खंडाळा-लोणावळा पट्ट्यातून रोज एवढ्या गाड्या जातात आणि आपण कसल्या इंजिनिअरिंगच्या मधून चाललोय हे कुणाला पत्ताच नसतो. धबधब्यापाशी सेल्फी, चिक्की, की निघाले पुढे. त्यांना तरी काय बोलणार, रस्त्यात सहज दिसेल असं सांगणारं काही नाहीच.

बोरघाटाची रेल्वेच घ्या ना. 1856 ला काम सुरू, 1863 ला गाडी घाट चढली, मधे 25 बोगदे, ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर, आणि कॉलऱ्याने, अपघाताने त्यातले हजारो गेले, ज्यांची नावंही कुणाकडे नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला, तर त्याची बायको अॅलिस, हिने कंत्राट सोडून बोट पकडली नाही, इंजिनिअर हाताशी धरून काम तडीला नेलं. त्या काळात एक बाई, परक्या देशात! खंडाळ्याजवळ तर रिव्हर्सिंग स्टेशन होतं, डोंगर इतका उभा की गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग उलट्या दिशेने पुढचा चढ, हे 1929 पर्यंत चाललं. आजही 37 फुटांना 1 फूट चढ आहे म्हणून कर्जतला पुण्याच्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावतात, शेवटच्या डब्यात बसलात तर जोडतानाचा धक्का जाणवतो.

खाली खोपोलीत टाटांचं 1915 चं जलविद्युत केंद्र, लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी डोंगरावरून जाड पाइपांतून खाली येतं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाइप जुन्या रस्त्यावरून दिसतात, लोकांना वाटतं गावाची पाणीयोजना असेल!

घाटातला 1830 चा अमृतांजन पूल 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. ट्रॅफिकचा प्रॉब्लेम खरा होता, त्यावर माझं भांडण नाही. पण बामाच्या जाहिरातीवरून पडलेलं नाव सगळ्यांना पाठ आणि पूल किती जुना होता ते विचारलं तर कुणी सांगू शकत नाही.

म्युझियम वगैरे मागत नाहीये, कोट्यवधींचं टेंडर तर नकोच. गाडी सेफ उभी करता येईल अशा तीन-चार जागा, तिथे फोटो आणि नकाशासकट मराठीत नीट बोर्ड, आणि वीज कंपनीशी बोलून वर्षातून एखादा दिवस शाळेच्या पोरांना पॉवरहाऊस बघायला मिळालं तर फारच छान. रेल्वे केंद्राची आहे हे माहितीये, पण रस्त्याकडेला बोर्ड लावायला दिल्लीला जायची गरज नसावी. मजकूर लिहून द्यायला आमच्यासारखे रेल्वेवेडे फुकटात तयार आहेत, फक्त मजुरांचा उल्लेख गाळू नका.

आपला,
घाटातून नेहमी जाणारा एक रेल्वेवेडा